सत्तर हजारांत मांडी घालून

प्लेनो,
बुधवार, २० मे

प्रिय रेणू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू धसकली असशील, म्हणून आधी सांगते, सगळे धडधाकट आहेत. संजयची शुगर ताब्यात आहे, आमचा निमिष तिकडे चँडलरला नोकरीत, कॉम्प्युटरच्या चिपांमध्ये बुडालेला आहे, आणि मी आहे तशीच आहे, फक्त जरा गोंधळलेली. जरा म्हणजे चांगलीच. रोज सकाळी आपण फोनवर अर्धा तास बोलतो, कढीपत्त्याच्या कुंडीपासून नात्यातल्या लग्नांपर्यंत एक विषय सोडत नाही, आणि तरी तुझी ही थोरली बहीण तिकीट चिकटवून पत्र पाठवतेय, म्हणजे काहीतरी असं आहे जे फोनवर तोंडातून बाहेर पडत नाही. ते शेवटी लिहीन. तुला कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, पण एवढं पत्र माझ्यासाठी क्रमाने वाच. आणि तुझा नियम मोडते त्याबद्दल रागावू नकोस. शनिवारी मी केयाला भेटले.

नियम तुझाच आहे. अडीच वर्षं झाली, तू तुझ्या लेकीशी बोलली नाहीस आणि आपल्या फोनवर तिचं नाव निघत नाही. मी काढलंच तर तुझ्या फार्मसीत लगेच कुणीतरी प्रिस्क्रिप्शन घेऊन उभं राहतं. पण ती जानेवारीपासून वेड कॉलिन्सनच्या बँडमध्ये व्हायोलिन, त्यांच्या भाषेत फिडल, वाजवते हे तुला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे, कारण पंधरा दिवसांपूर्वी तू सहज विचारल्यासारखं विचारलंस की टेक्ससमध्ये हल्ली हवा कशी आहे, उघड्यावर कार्यक्रम होतात का. होतात गं. पण शनिवारचा आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये झाला, आणि त्याला छप्पर आहे. तुझ्या लेकीला ऊन लागलं नाही.

आता हे कंट्री प्रकरण मला जेवढं कळलं तेवढं सांगते, म्हणजे फारसं नाहीच. हे इकडचं गावाकडचं गाणं. त्यात पिकअप ट्रक असतो, कुत्रा असतो, नदी असते, सोडून गेलेली बायको असते आणि आई असते. आई जवळजवळ प्रत्येक गाण्यात आहे. हा वेड म्हणजे चाळिशीचा, दाढीवाला, पोट किंचित सुटलेला माणूस. तो स्टेजवर येऊन नुसता हॅटला हात लावतो आणि बायका किंचाळतात. एप्रिल ते ऑगस्ट एकवीस शहरं, सगळीकडे फुटबॉलची मैदानं, सामान वाहायला साठ ट्रक. मी केयाला विचारलं की साठ ट्रकमध्ये असतं काय, तर म्हणाली, "मावशी, मोस्टली लाइट्स." आपल्याकडे एका तंबोऱ्यावर आणि एका पेटीवर भागायचं. पण मी नावं ठेवणार नाही, का ते पुढे कळेल.

आम्ही दुपारी दोनलाच पोचलो. संजयचा हिशेब, प्लेनोहून निघताना हायवेला गर्दी असणार. गर्दी पार्किंगमध्ये होती. संध्याकाळच्या गाण्यासाठी लोक सकाळपासून येऊन गाड्यांच्या मागच्या फळ्या उघडून बसलेले, शेगड्या पेटलेल्या, मांस भाजणं चाललेलं, पोरं बॉल फेकतायत, आज्या घडीच्या खुर्च्यांवर. मला वाटलं इथे दुसरं काहीतरी लग्नकार्य असावं. संजयने तिथल्या तिथे एक काउबॉय हॅट विकत घेतली, ती त्याच्या कानांवर येऊन टेकली. रिटायर झाल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता, आणि त्याला त्यातलं एकही गाणं येत नाही.

मी केयासाठी शंकरपाळे केले होते. स्टेडियममध्ये पिशवी पारदर्शक लागते एवढं वाचलं होतं, म्हणून शहाणपणाने सगळे झिपलॉकमध्ये भरले. दारावरचा माणूस म्हणाला, "नो आउटसाइड फूड, मॅम." मी म्हटलं, घरचे आहेत, तुम्हीच एक खाऊन बघा. तो नको म्हणाला. मी आणखी एकदा म्हटलं, तो आणखी एकदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा मी पिशवी उघडून त्याच्या हातापर्यंत नेली, तेव्हा त्याने खांद्यावरच्या वॉकीटॉकीत कुणाला तरी बोलावलं. संजयने मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "नीला, तो खरंच नको म्हणतोय." शंकरपाळे गाडीत ठेवायला पाऊण मैल परत चालत गेलो. तू असतीस तर हसून हसून तिथेच खाली बसली असतीस.

चार वाजता केया बाहेर आली आम्हाला आत न्यायला. रेणू, ती राजीवसारखी दिसायला लागली आहे. हनुवटी तर थेट त्याचीच, आणि समोरच्याचं बोलणं ऐकताना मान कलती करायची सवयही. बाप गेला तेव्हा ही जेमतेम बारा वर्षांची, तिने हे कधी उचललं असेल कोण जाणे. केस पाठीवर मोकळे, पायात टाचांचे बूट, दंडावर एक छोटं गोंदण, ते काय आहे हे मी विचारलं नाही. वाळली आहे असं लिहिणार होते, पण खरं तर नाही वाळली. चांगली दणकट झाली आहे. तिने आम्हाला गळ्यात घालायचे पास दिले. संजयच्या पासवर होतं "गेस्ट". माझ्या पासवर लिहिलं होतं, "केयाज मॉम." मी त्याकडे बघत राहिले, तर ती घाईघाईने म्हणाली की फॉर्ममध्ये आंटी हा पर्यायच नव्हता, आणि गेस्टला स्टेजच्या मागे जाता येत नाही. "यू डोन्ट माइंड, राइट?" मी म्हटलं, छे, त्यात काय. आणि तो पास मी घातला. आत सगळ्यांनी माझ्याशी तसेच हात मिळवले. ड्रमवाल्याने तर मला मिठी मारून सांगितलं की तुम्ही मुलीला फार छान वाढवलंत. मी थँक यू म्हटलं, रेणू. काय म्हणायला हवं होतं ते मला आत्ता, चार दिवसांनी, लिहिताना सुचतंय.

कार्यक्रमाचं काय सांगू. मैदानाच्या मधोमध गोल स्टेज, वर आपल्या घराएवढा पडदा, आणि चहूबाजूंनी सत्तर हजार माणसं. पहिली पाच-सहा गाणी मी कानांत बोळे घालून काढली, छातीत ढोल वाजत होते. केया एका कडेला उभी राहून वाजवत होती, मधेच नाचत होती, आणि खरं सांगते, मला ते आवडलं की नाही हेच कळेना. मग सगळे दिवे मंद झाले. वेड म्हणाला, आमची ही शिकागोची मुलगी आहे, ती आता बसणार आहे, तर तुम्हीही सगळे जरा बसून घ्या. आणि ते एवढे सगळे लोक बसले गं. केयाने बूट काढले, कडेला नीट जोडीने ठेवले. वाकून स्टेजला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि मांडी घालून बसली. व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलं. वैशंपायन सरांच्या क्लासला, त्यांच्या बेसमेंटमध्ये, सतरंजीवर बसायची तशी. वरच्या पडद्यावर तिचं ते अनवाणी पाऊल एखाद्या ट्रकएवढं दिसत होतं.

आणि तिने भूप वाजवला. मला आधी वाटलं भास होतोय. पण तोच, तू तिला अकरा वर्षं दर शनिवारी नेपरव्हिलहून बर्फातून गाडी हाकत ज्या क्लासला न्यायचीस, तिथला पहिला राग. सावकाश सुरू केला, पंचमावर थांबली, सर सांगायचे तशी वर जायची घाई केली नाही. मग त्यातूनच हळूहळू वेडचं ते आईचं गाणं वर आलं आणि कुठे आपलं संपलं आणि कुठे त्यांचं सुरू झालं ते मला सापडलंच नाही. अजूनही सापडत नाही. संजय म्हणतो, त्यांच्या गाण्यांतही तेच पाच सूर असतात, त्यात आश्चर्य काय. असेल बाई. माझ्या शेजारी एक अगडबंब म्हातारा होता, हॅटवाला, लाल मानेचा. तो हॅट मांडीवर ठेवून ढसाढसा रडत होता. त्याने माझ्या गळ्यातला पास वाचला आणि विचारलं, "मॅम, इज दॅट युवर डॉटर?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, गॉड ब्लेस यू. मलाही रडू आलं, पण कशाने आलं ते विचारू नकोस. सुरांमुळे आलं असेल, किंवा ज्या खुर्चीवर तू असायला हवी होतीस तिथे मी बसले होते म्हणून असेल.

मधलं एक सांगायचं राहिलं, खरं तर मुद्दाम मागे ठेवलं होतं. चारच्या भेटीत आम्ही त्यांच्या जेवणाच्या तंबूत कॉफी घेत बसलो होतो. केया म्हणाली की पाच आणि सहा जूनला शिकागोला दोन शो आहेत, तळ्याकाठच्या मोठ्या स्टेडियममध्ये. मी विचारलं, आईला कळवलंस? तिने मान कलती करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नो, मावशी. तिने येऊ नकोस म्हटलं होतं. आय रिस्पेक्ट दॅट. नो मीन्स नो." एवढं सरळपणे म्हणाली, जसं काही ती तुझ्यासाठी उपास धरून बसली आहे आणि तो मोडायचा नाही. अडीच वर्षं ती तुझ्यावर रागावलेली नाहीये, रेणू. अडीच वर्षं ती तुझं ऐकतेय. आणि पुढे म्हणाली, "यू टोल्ड मी, रिमेंबर? तू तिला सगळ्यात जास्त ओळखतेस."

ओळखतेच. आपल्या अमरावतीच्या घरात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणालेला माणूस मी पाहिलेला नाही. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, आईने तिसऱ्यांदा वाढायचं, मग त्याने अगदीच तुमच्या आग्रहाखातर म्हणून चार पुरणपोळ्या खायच्या. त्यातही तू सगळ्यांच्या वरताण. रुसून माडीवर जाऊन बसायचीस, मला जेवायचं नाही, कुणी वर येऊ नका म्हणायचीस, आणि मी ताट घेऊन वर आले नाही तर दुसऱ्या दिवशी माझ्याशीच अबोला. लग्नालासुद्धा तू आधी नको म्हणाली होतीस. राजीव बिचारा तीनदा आला म्हणून निभावलं. तुझ्या तोंडचा नको कसा वाचायचा हे या जगात दोनच माणसांना येत होतं. त्यातला एक गेला.

आता ती दिवाळी. केया कॉलेज सोडून ऑगस्टमध्ये आमच्याकडे आली होती, निमिषच्या खोलीत राहत होती, फोर्ट वर्थच्या एका बँडमध्ये वाजवत होती, आणि तुला अजून सांगितलं नव्हतं. दिवाळीला शुक्रवारचं शिकागोचं विमान होतं. घरी जाण्याआधी खरं सांगून टाकावं म्हणून तिने गुरुवारी संध्याकाळी तुला फोन केला. मी स्वयंपाकघरात चकल्या पाडत होते, ती जिन्यात बसून बोलत होती. तुझा आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता. मग आता दिवाळीला यायचंही कारण नाही, येऊच नकोस, असं म्हणून तू फोन आपटलास. ती खाली आली. म्हणाली, "मावशी, डज शी मीन इट?" माझे हात भाजणीने भरलेले होते, सोऱ्या अर्धा भरलेला होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की अगं वेडे, उद्या सरळ विमानात बस, ती दारात रांगोळी काढून उभी असेल. आणि मी म्हणाले, "हो. रेणू बोलते तेच तिच्या मनात असतं. तिला थोडा वेळ दे."

तिने माझ्यासमोर तिकीट कॅन्सल केलं. मी उरलेल्या चकल्या पाडल्या.

का म्हणाले, हे मी अडीच वर्षं स्वतःला विचारतेय. ती गेली असती तर तू तिला समजावून परत कॉलेजात पाठवलं असतंस, आणि तिचं वाजवणं संपलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. शनिवारी स्टेडियममध्ये तर क्षणभर वाटलंही की बघ, बरंच झालं. पण ते नंतर शोधलेलं कारण आहे, मला माहीत आहे. निमिष नोकरीसाठी चँडलरला गेल्यापासून आमच्या एवढ्या मोठ्या घरात जिना उतरून भूक लागली म्हणणारं कुणी नव्हतं. मला दिवाळीला घरात मूल हवं होतं, एवढं साधं असेल का? एवढ्यासाठी माणूस सख्ख्या बहिणीचं असं करतं का? मी वाईट आहे असं म्हणायला जावं तर त्याच महिन्यात मी तुला थंडीची शाल पाठवली होती, आणि तीही मनापासून. माझं मलाच कोडं सुटत नाही. लक्ष्मीपूजनाला तू मला फोन करून चकल्या कुरकुरीत झाल्या का असं तीन वेळा विचारलंस. तू काय विचारत होतीस ते मला कळत होतं. मी तिन्ही वेळा सांगितलं, छान झाल्या. आणि पुढच्या वर्षी राजीवच्या बहिणीने, प्रीताने, बोलता बोलता सांगितलं की त्या शुक्रवारी तू विमानतळावर, ओहेअरला, गेली होतीस. येऊ नकोस म्हणूनही गेलीस, आणि त्या विमानातले सगळे लोक निघून गेल्यावरही दोन तास उभी होतीस. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी प्रीताला पोळीचा आग्रह केला.

रविवारी सकाळी केया पोह्यांना घरी आली. दोनला त्यांची बस सुटणार होती. तो पास मी रात्री उशाशी ठेवला होता आणि मला झोप लागली नव्हती, त्यामुळे ती बसल्या बसल्या मी सगळं सांगून टाकलं, चकल्यांपासून ओहेअरपर्यंत, एका दमात. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "शी वेंट टू द एअरपोर्ट?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग पोहे तसेच ठेवून वर गेली, निमिषच्या कपाटात राहिलेला तिचा हिवाळ्याचा कोट आणि दोन पुस्तकं घेऊन खाली आली, आणि बँकेतल्या बाईला म्हणावं तसं मला म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी." संजय गाडी काढतो म्हणाला, तर नको म्हणून तिने उबर बोलावली. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. या रविवारी आला नाही. मी केला, तिने उचलला नाही. आज बुधवार.

तुझी माफी मागायला मला तोंड नाही, आणि फोनवर मागितली असती तर तू असू दे ताई म्हणाली असतीस आणि मी लगेच असू दिलं असतं. म्हणून कागदावर लिहिलं, आता ते मला परत घेता येणार नाही. तू बोलू नकोस माझ्याशी, हवे तितके दिवस बोलू नकोस, तुझा नको या वेळी मी खरा धरीन. पण हे पत्र घाईने टाकतेय ते दुसऱ्याच कारणासाठी. केया ओहेअरचं ऐकून गेली आहे, आणि बापाचीच लेक आहे, म्हणजे शिकागोला येण्याआधी ती तुला एकदा तरी फोन करणार. नंबर अनोळखी दिसेल, तिने बदलला आहे, पण उचल. फार्मसीत कितीही रांग असली तरी उचल. ती इकडचं तिकडचं बोलेल आणि मग विचारेल, आई, मी येऊ का. तेव्हा रागाने म्हण, रडत म्हण, पण रेणू, पहिल्यांदाच हो म्हण. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे तिला आपण कुणी शिकवलेलं नाही.

तुझीच, तू अजून म्हणत असशील तर,
ताई